हाकालांचं हिरवं प्लायवूड

टाउनशिपच्या, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीच्या, ऑफिसातल्या सव्वीस वर्षांच्या कारकुनीत वर्नर हाकालाच्या हातून एकही नियम मोडला नव्हता. कागदाची घडीसुद्धा तो वाकडी घालत नसे. अशा माणसाच्या ट्रेलरची फळी मोडावी, आणि तीही सकाळी दहा वाजता, सहकारी दुकानाच्या अंगणात, अर्धं पेल्टो गाव हातात कॉफीचे पेले धरून गप्पा मारत उभं असताना, हा नशिबाचा उघड खवचटपणा होता.

झालं ते असं. वर्नरची बायको लॉइस ही काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, घरोघर जाणारी नर्स. अमेरिकेतल्या लेक सुपीरियरच्या त्या टोकाला हिवाळ्यात वीस-पंचवीस फूट बर्फ पडतं, आणि बर्फ काढणारा नांगर ठरावीक ठिकाणापर्यंत जाऊन परत फिरतो. त्याच्या पलीकडे तळ्याकाठी जी म्हातारी माणसं हट्टानं राहतात, त्यांच्याकडे लॉइस स्नोमोबाईलनं, बर्फावरून धावणाऱ्या गाडीनं, जाते. तिथपर्यंत स्नोमोबाईल न्यायची ट्रेलरवरून. ट्रेलरचा लोखंडी सांगाडा वर्नरनं स्वतः जोडलेला, आणि त्यावर प्लायवूडची फळी. तर त्या मार्चमध्ये लॉइसनं गाडी ट्रेलरवर चढवली, आणि गाडी जिथे थांबली तिथूनच सरळ खाली गेली.

वरून फळीला काही झालेलं दिसत नव्हतं. रंग शाबूत होता. रंगाच्या खालचं लाकूड मात्र चहात बुडवून विसरलेल्या बिस्किटासारखं झालं होतं. स्नोमोबाईल त्यात पोटापर्यंत रुतून बसली. लॉइस उतरली. तिनं आधी भोकाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि एक शब्द बोलली नाही. एकतीस वर्षांच्या संसारानंतर न बोललेला शब्दसुद्धा स्वच्छ ऐकू येतो.

बोलला तो शेजारी. क्लेअरन्स बोल्डुक हा गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा प्रमुख आणि सर्व विषयांचा जाणकार. त्यानं कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाला, "हाकाला, तुझ्या ट्रेलरला तळघर आहे हे मला माहीत नव्हतं."

पुढचे पाच आठवडे लॉइस बोल्डुकचा चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा ट्रेलर घेऊन रोग्यांकडे जात होती. तो रोज सकाळी स्वतः आणून लावायचा, आणि "वापरा हो, आपलाच समजा," असं इतक्या प्रेमानं म्हणायचा की वर्नर नाश्ता अर्धा टाकून उठे.

वर्नरनं मनाशी ठरवलं, आता जी फळी बसवीन ती वीस वर्षं टिकली पाहिजे.

ऑगस्टमध्ये त्यानं बाहेरच्या कामाचं पाऊण इंची प्लायवूड आणलं, अगदी पारखून. प्रत्येक ताव उन्हात धरला, वाजवून पाहिला, बायको पसंत करताना त्यानं एवढा वेळ घेतला नव्हता, असं लॉइस म्हणाली. ताव मापात कापून अंगणात सुताराच्या लाकडी घोड्यांवर आडवे टाकले, आणि तिथून सल्ले यायला लागले.

सल्ल्यांचं एक असतं. माणूस कोणाला आपल्या दुखण्याचं औषध फुकट विचारायला कचरतो, पण दुसऱ्याच्या प्लायवूडचं औषध प्रत्येकाच्या खिशात तयार असतं. टपाल देणाऱ्यानं सांगितलं, मोटारीचं जुनं तेल चोपड. चर्चमधल्या बाईंनी सांगितलं, मेण. बोल्डुकनं कुंपणावर दोन्ही कोपरे टेकले आणि म्हणाला, "हे बघ, लाकडाला पाणी वरून लागतं. पाऊस वरून पडतो, बर्फ वरून पडतं. वर जाड रंगाचा थर दे, गोदीत बोटींच्या फळ्यांना देतात तसला. पाच हात. विषय संपला."

हे वर्नरला पटलं, कारण त्यात आकडा होता. आकडा असलेली कुठलीही गोष्ट त्याला पटते. त्यानं गडद हिरवा रंग आणला, घसरू नये म्हणून त्यात बारीक वाळू मिसळली, आणि पाच हात दिले. प्रत्येक हाताची तारीख आणि वेळ त्यानं वहीत टिपली. सप्टेंबरअखेर ती फळी अशी झळकत होती की लोक मुद्दाम गाडी हळू करून बघत. बोल्डुकनंसुद्धा दोनदा येऊन हात फिरवला आणि "माझं डोकं, तुझी मेहनत," असं म्हणून श्रेय सारखं वाटून घेतलं.

ऑक्टोबरात पंधरा दिवस पाऊस लागला. तो उघडल्यावर लॉइस म्हणाली, "सालमेलाबाईंना हिवाळ्याची लाकडं पोचवायची आहेत. रस्ता आहे तोवर तुझ्या हिरव्या सिंहासनावरून नेऊ या."

इर्या सालमेला चौऱ्याऐंशी वर्षांच्या. तळ्याच्या पलीकडच्या काठाला एकट्या राहायच्या. नवरा असताना दोघं मिळून लाकडी होड्या बांधायची. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीनं आणखी अकरा बांधल्या, आणि त्यातल्या नऊ अजून पाण्यावर आहेत. उरलेल्या दोन वाईट माणसांनी विकत घेतल्या, असं त्या सांगायच्या. बोलणं तेवढंच, कामापुरतं. लाकडं उतरवून झाल्यावर त्यांनी वर्नरला कॉफी आणि वेलदोड्याचा गोड पाव दिला, आणि स्वतः विणकामाची पिशवी काखेत मारून ट्रेलरभोवती एक फेरी मारली.

"पाच हात दिलेत," वर्नर नम्रपणे म्हणाला. नम्रपणा एवढा होता की तो लांबून दिसला असता.

"दिसतंय," बाई म्हणाल्या. "रंग छान आहे. वरून."

मग त्यांनी पिशवीतून विणकामाची सुई काढली, खाली वाकल्या, आणि फळीच्या कडेला, जिथे प्लायवूडचे पापुद्रे एकावर एक दिसतात, तिथे सुईचं टोक टेकवून दाबलं. सुई आत गेली. लोण्यात जावी तशी, बोटभर. बाईंनी ती बाहेर काढून वर्नरपुढे धरली. सुईच्या टोकावर पाण्याचा थेंब होता.

वर्नरच्या हातातला पावाचा तुकडा हातातच राहिला.

"अरे पोरा," सत्तावन्न वर्षांच्या वर्नरला बाई म्हणाल्या, "लाकडाचं तोंड कडेला असतं. तू त्याच्या डोक्यावर पाच टोप्या घातल्यास आणि तोंड उघडं ठेवलंस. ते पाणी पितंय, आणि वरचा रंग ते बाहेर जाऊ देत नाहीये. बोल्टांची भोकंही तशीच कोरडी सोडली असशील."

वर्नरनं मान डोलावली. भोकं तशीच होती.

"मग आता काय करू?"

"खरवड. वाळव. कडा कापून ताज्या कर. जवसाचं तेल, पाइनचं डांबर, टर्पेंटाइन, तिन्ही सारखं. आधी कडेला, मग भोकांत, मग खालच्या अंगाला, आणि वरची पाळी सगळ्यात शेवटी. पातळ हात दे. लाकूड पिईल तेवढं पाज, नको म्हणेल तेव्हा थांब. आणि कडेला पत्र्याची पट्टी मारू नकोस, तिच्यामागे पाणी दडून बसतं. होडी गळायला लागली की सगळे तळ बघतात. मी कड बघते."

परतीच्या चौदा मैलांत वर्नर आरशातून मागच्या हिरव्या फळीकडे बघत होता. लॉइसनं एकदाच विचारलं, "बोल्डुकला सांगणार आहेस?" तो म्हणाला, "नाही." तेवढ्यानं तिला हसू आलं, पण तिनं खिडकीबाहेर तोंड करून ते हसून घेतलं. नर्सला रोग्यासमोर कसं हसायचं नाही ते शिकवलेलं असतं.

पाच हात रंग द्यायला जेवढे दिवस लागले त्याच्या दुप्पट तो खरवडायला लागले. हे सगळं वर्नरनं ऑफिस सुटल्यावर एकट्यानं केलं, आणि कोणी विचारलं तर "रंग बदलतोय," एवढंच सांगितलं. खरवडून झालं तोवर नोव्हेंबर उजाडला, बाहेर गोठायला लागलं, आणि थंडीत तेल वाळत नाही. उबदार, कोरडी जागा हवी होती. अशी जागा त्या गावात प्रत्येक घरामागे असते: सौना, लाकडी चुलीवर तापणारं वाफेचं न्हाणीघर. वर्नरनं आपल्या सौनात मंद आच ठेवली आणि डांबर-तेल प्यायलेल्या फळ्या बाकांवर उभ्या केल्या. त्या वासानं मांजर तीन दिवस घराकडे फिरकलं नाही. वर्नर मात्र खूश होता. कडा खरोखर तेल पीत होत्या. सकाळी दिलेला हात संध्याकाळी पुसून टाकल्यासारखा आत जाई, तो पुन्हा पाजी, आणि वहीत वेळ टिपी.

शनिवार आला. शनिवार हा सौनाचा वार, आणि हाकालांच्या सौनात बोल्डुक बावीस वर्षं दर शनिवारी येत होता. तो दिवस टाळणं म्हणजे भांडण झाल्याची जाहिरात करणं. वर्नरनं फळ्या कपडे बदलायच्या खोलीत हलवल्या, बाक पुसला, चूल पेटवली. बाक त्यानं पाण्यानं पुसला होता. डांबर पाण्याला जुमानत नाही, आणि उष्णतेनं पुन्हा मऊ होतं, ही दोन शास्त्रीय सत्यं त्या दिवशी एकाच बाकावर भेटली.

बोल्डुक पंचा गुंडाळून आत आला, वरच्या बाकावर ऐसपैस बसला, चुलीच्या दगडांवर पाणी टाकलं आणि वर्नरच्या कष्टांबद्दल चार गोड शब्द बोलला. "वास मात्र छान येतोय," तो म्हणाला. "लहानपणी आजोबांच्या होडीला यायचा." मग त्याला उठायचं होतं. तो उठला, पंचा उठला नाही. आणि पंच्याबाहेर जेवढा बोल्डुक होता त्यावर बाकाच्या फटींचे तपकिरी पट्टे उमटले होते, सरळ रेषेत, वहीच्या पानासारखे.

"हाकाला," तो सावकाश म्हणाला, "मी कशावर बसलोय?"

डांबर लोण्यानं निघतं. लॉइसनं दाराच्या फटीतून लोण्याचा डबा आत सरकवला आणि धंद्याची शिस्त पाळून एकही प्रश्न विचारला नाही. वर्नर लोणी लावत होता, बोल्डुक चुलीचा कठडा धरून उभा होता, आणि अशा अवस्थेत बोल्डुकच्या खुंटीवरच्या पॅन्टच्या खिशातून पेजर किंचाळायला लागला. आगीची वर्दी. सव्वीस वर्षं अग्निशमन दलात काढलेला माणूस. त्यानं काही विचार न करता लोण्यासकट पॅन्ट चढवली, बूट घातले, दार उघडून धावला, आणि पायरीवर थांबून त्यानं पेजर वाचला. त्यावर पत्ता होता: हाकाला, मागच्या अंगणातला सौना.

पायरीवर पत्र्याची बादली होती. तिच्यात वर्नरनं जवसाच्या तेलाच्या चिंध्या कोंबून ठेवल्या होत्या. जवसाच्या तेलाच्या चिंध्या गठ्ठा करून ठेवल्या की आपोआप तापतात आणि पेट घेतात. त्या पसरून वाळवायच्या असतात, हे डब्यावर लिहिलेलं असतं, आणि डबा वाचणारा म्हणून प्रसिद्ध असलेल्या माणसानं या एका डब्याची मागची बाजू वाचली नव्हती. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणीतरी धूर बघून फोन केला होता.

दलाचा बंब भोंगा वाजवत आला, सहा जण उतरले. आग विझायला दहा सेकंद लागले, कारण बोल्डुकनं बादली लाथ मारून बर्फात पालथी घातली होती. पण आलेली माणसं लगेच परत कशी जातील? त्यांनी फळ्या बघितल्या. एक म्हणाला, छपराचं रबर चिकटव. दुसरा म्हणाला, खाणीत माल वाहणाऱ्या रबरी पट्ट्याचे तुकडे मिळतात. तिसऱ्यानं फळीवर उभं राहून ती दबते का ते पाहिलं, आणि सहा जोड्या बुटांचे ठसे ओल्या डांबरात उमटवून पाऊण तासानं मंडळी कॉफी पिऊन गेली.

सोमवारी सकाळी बोल्डुक टाउनशिपच्या ऑफिसात आला आणि खुर्चीत एका बाजूला कलून बसला. प्रत्येक वर्दीचा अहवाल ऑफिसात दाखल करावा लागतो, आणि तो घेणारा कारकून वर्नर.

"लिही," बोल्डुक म्हणाला. "आगीचं कारण: मूर्खपणा."

"तो रकाना नाही," वर्नर म्हणाला. "निष्काळजीपणा आहे."

"मग तो लिही. नाव: व. हाकाला."

वर्नरनं लिहिलं. नियम असा की निष्काळजीपणाची नोंद झाली की संबंधित घरमालकाला लेखी नोटीस जाते, घरपोच, सही घेऊन. दुसरा कोणी असता तर त्यानं ती नोटीस टेबलाच्या या बाजूनं त्या बाजूला सरकवली असती. बोल्डुकनंच सुचवलं, "अरे, जाऊ दे, फाडून टाक." वर्नरनं चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "क्लेअरन्स, गेल्या वर्षी तुझ्या शेडच्या धुराबद्दल मी तुला पाठवली होती." बोल्डुकनं टोपी घातली. नंतर त्यानं दुकानात ही गोष्ट चार वेळा सांगितली, पहिल्या तीन वेळा हसून.

जेवणाच्या सुट्टीत वर्नर टाय सरळ करून स्वतःच्या घरी गेला आणि पुढचं दार वाजवलं. लॉइसनं उघडलं.

"टाउनशिपची नोटीस आहे," तो म्हणाला. "हाकाला यांच्या नावे."

तिनं त्याला वरून खाली पाहिलं. "साहेब घरात नाहीत. मी सही करू, की थांबता?"

"घरातली सज्ञान व्यक्ती चालते."

तिनं सही केली, कागद घेतला, आणि आत जाता जाता म्हणाली, "सूप गरम आहे. नोटीसवाल्यांना देतात का?"

"ड्युटीवर घेता येत नाही," वर्नर म्हणाला, आणि उपाशीच ऑफिसात परत गेला.

नोटिशीवर टाउनशिपच्या मंडळापुढे सुनावणी झाली. मंडळाच्या सभेचं इतिवृत्त लिहितो कारकून. म्हणजे वर्नर एका खुर्चीत बसून लिहायचा, नाव पुकारलं की उठून समोरच्या खुर्चीत जायचा, उत्तर द्यायचा, आणि परत येऊन ते उत्तर लिहायचा. इतिवृत्तात आजही वाचायला मिळतं: 'श्री. हाकाला यांनी मनापासून खेद व्यक्त केला. खेद पुरेसा वाटला.' दुसरं वाक्य अध्यक्ष डोरीन रास्क यांनी सांगून लिहायला लावलं. ते लिहिताना त्याचे कान लाल झाले होते.

डोरीनबाईंनी विचारलं, "पण सौनात वाळवायची पाळी का आली?"

वर्नरनं खुर्ची बदलून सांगितलं. मार्चपासूनचं सगळं. पाच हात रंगाचं, सुईचंही. बोल्डुक मागच्या रांगेत होता. त्याच्यादेखत हे सांगायला वर्नरला किती जड गेलं असेल ते त्याच्या आवाजावरून कळत होतं, पण त्यानं रंगाचा सल्ला कोणाचा हे मात्र सांगितलं नाही. पलीकडच्या काठाला राहणारं कोणीतरी सभागृहातल्या प्रत्येकाचं होतं. डोरीनबाईंचे तर वडीलच तिकडे होते, आणि लॉइस दर गुरुवारी त्यांच्या पायाचं ड्रेसिंग बदलायची.

"बंबाच्या शेडच्या मागच्या भागात हीटर आहे," डोरीनबाई म्हणाल्या. "दहा दिवस ती जागा दिली तर? दलप्रमुखांची काही हरकत?"

बोल्डुक उभा राहिला. "तिथे मी बसत नाही," तो म्हणाला. "हरकत नाही." मग जरा थांबून, टोपी हातात फिरवत म्हणाला, "आणि तो पाच हातांचा सल्ला माझा होता. तेही लिहा."

वर्नरनं मान खाली घालून लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा जरा मोठं आलं.

पुढचे दहा दिवस लॉइस तळ्यापलीकडून निरोप आणायची, रोग्यांच्या भेटीच्या कागदावर उतरवून. 'कडा: सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस. भोकं बोल्टपेक्षा जरा मोठी पाडून आतून तेल, मग बोल्ट. दोन फळ्यांत बोटाच्या नखाएवढी फट, पाणी जायला. चिंध्या उन्हात, मूर्खासारख्या बादलीत नाही.' शेवटचं वाक्य बाईंचं की लॉइसचं, याची वर्नरनं चौकशी केली नाही. बोल्डुक रोज संध्याकाळी शेडमध्ये यायचा आणि फळी उलटी करायला एक टोक धरायचा. स्नोमोबाईल ज्या रबरी पट्ट्यावर चालते त्याला लोखंडी खिळे असतात, ते लाकूड ओरबाडतात. त्यासाठी पट्ट्याखाली रबराची जाड चटई आणि पुढच्या स्कींखाली प्लास्टिकच्या पट्ट्या त्यानं स्वतः मापानं कापून आणल्या. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फळी बसली. रंग हिरवा राहिला नव्हता. जुन्या तव्यासारखी काळपट, डांबराचा वास मारणारी ती फळी बघायला कोणी गाडी हळू करत नसे.

जानेवारीत तीन दिवस वादळ झालं. चौथ्या दिवशी सकाळी इर्याबाईंचा फोन आला. मदत नको होती, फक्त खोकल्याच्या गोळ्या दोन घ्यायच्या की तीन ते विचारायचं होतं. लॉइसनं त्यांना बोलतं ठेवलं आणि दोन शब्दांमधला श्वास ऐकला. फोन ठेवून तिनं अँब्युलन्सला रस्त्याच्या टोकाला यायला सांगितलं आणि ती म्हणाली, "वर्नर, ट्रक काढ."

तो ऑफिसात रजेचा अर्ज न देता निघाला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

नांगरामागून ते रस्त्याच्या टोकाला पोचले तेव्हा अकरा वाजले होते. पुढे आठ मैल नुसतं पांढरं. लॉइसनं स्नोमोबाईल सुरू केली आणि उलटी खाली घ्यायला लागली. फळीवर गोठलेल्या बर्फाचा पातळ थर होता. वर्नर चटईकडे बघत होता. खिळे चटईत रुतले, गाडी जिथे हलू नये तिथे हलली नाही, आणि जायचं तिथे सरळ गेली. लॉइसनं फळीकडे पाहिलंही नाही. तिला पाहावं लागलं नाही.

"मी येतो," वर्नर म्हणाला.

"परत येताना तीन माणसं ओढायची होतील. तू अँब्युलन्सला वाट दाखव." तिनं मागे रोगी न्यायची घसरगाडी जोडली, हेल्मेटची काच खाली केली आणि गेली. तिच्या मागे उडालेलं बर्फ खाली बसेपर्यंत तो बघत राहिला.

अडीच तास लागले. अँब्युलन्स आली, तिचा चालक थर्मासमधली कॉफी देऊ करत होता, वर्नरनं घेतली नाही. त्यानं ट्रेलरवरचं बर्फ साफ केलं. पुन्हा पडलं, पुन्हा केलं. चढायच्या फळीसमोर दहा फूट जमीन फावड्यानं मोकळी केली. हे काम कोणी सांगितलेलं नव्हतं आणि त्याचा उपयोगही फारसा नव्हता, पण एकटा माणूस रस्त्याच्या टोकाला उभा राहून आणखी काय करणार? तिसऱ्यांदा फावडं उचललं तेव्हा झाडांमागून इंजिनाचा आवाज आला.

इर्याबाई घोंगड्यांत गुंडाळलेल्या होत्या. तोंडाला प्राणवायू, डोळे उघडे. त्यांना अँब्युलन्समध्ये चढवताना त्यांनी मास्क बाजूला केला आणि वर्नरला म्हणाल्या, "तुझी बायको वळणावर हळू करत नाही." मग मास्क परत लावला. ही तक्रार होती की शाबासकी, ते त्यांचं त्यांना माहीत.

"वेळेत निघाल्या," अँब्युलन्स गेल्यावर लॉइस म्हणाली. "उद्यापर्यंत थांबले असते तर सांगता आलं नसतं." तिचे दात वाजत होते. बोटं एवढी ताठली होती की तिला हातमोजे काढता येईनात. वर्नरनं ते काढले, तिला ट्रकमध्ये हीटरसमोर बसवलं, आणि स्नोमोबाईल स्वतः ट्रेलरवर चढवली. त्याला ती कधी धड चालवता येत नसे. त्या दिवशी पहिल्या झटक्यात चढली.

घराकडे निघाले तोवर लॉइसला झोप लागली. डोकं खिडकीला टेकलेलं, तोंड किंचित उघडं. रस्त्याला खाचखळग्यांचं बर्फ होतं, ट्रकला धक्का बसला की तिचं डोकं काचेवर आपटे. वर्नरनं वेग कमी केला. तरी आपटलं, तसा आणखी कमी केला. शेवटी ट्रक ताशी पंधरा मैलांवर आला. मागे गाड्या जमायला लागल्या. एक, तीन, मग एक लाकडाचा ट्रक, मग त्यामागे दिसेना एवढ्या. कोणीतरी हॉर्न वाजवला. चाळीस वर्षांच्या गाडी चालवण्यात वर्नरला कोणी हॉर्न वाजवला नव्हता. एरवी त्यानं बाजूला थांबून प्रत्येकाची माफी मागितली असती. आता त्यानं आरशात पाहिलं आणि आरसा वर वळवून टाकला.

गावाच्या अलीकडे दोन मैलांवर एक पिकअप रांग सोडून त्याच्या शेजारी आली. बोल्डुक होता. खिडकी खाली करून, तोंड उघडून तो ओरडायच्या बेतात होता, आणि त्याला काचेला टेकलेलं डोकं दिसलं. त्यानं तोंड मिटलं. खिडकी वर केली. मग तो पुढे गेला, छपरावरचा दलाचा लाल दिवा सुरू केला, भोंगा न वाजवता, आणि ताशी पंधरा मैलांनी वर्नरच्या पुढे चालू लागला. त्यानंतर हॉर्न कोणी वाजवला नाही.

घरासमोर ट्रक थांबल्यावर लॉइस जागी झाली. तिनं डोळे चोळले, बाहेर पाहिलं.

"एवढ्यात आलो?"

"रस्ता मोकळा होता," वर्नर म्हणाला.